गरोदरपणातलं बीपी: मोजायचं कसं, धावायचं कधी, द्यायचं काय

गरोदर बाईचे पाय सुजतात, डोकं दुखतं, पोटाच्या वरच्या भागात जळजळतं. नऊ महिन्यांत हे इतक्यांदा होतं की घरात कुणी त्याचं फारसं मनावर घेत नाही. प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून बाकीचे अवयवही बिघडवणारा आजार, नेमका याच साध्या तक्रारींच्या आडून येतो, आणि बऱ्याचदा तर कुठलीही तक्रार नसताना येतो. बाई हिंडतीफिरती असते, स्वयंपाक करते, आणि तिचं बीपी १६०/११० असतं. म्हणून या आजारात दंडावर पट्टा बांधून मोजलेल्या आकड्याला पर्याय नाही. तो आकडा खरा असला आणि त्यावर वेळेत हालचाल झाली, तर बहुतेक बायका आणि बाळं सुखरूप सुटतात. त्यासाठी लागणारी औषधं स्वस्त आहेत, जुनी आहेत आणि हजारो स्त्रियांवरच्या चाचण्यांतून पारखलेली आहेत.

हा लेख घरच्या माणसांसाठी आहे, तसाच उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि छोट्या प्रसूतिगृहात काम करणाऱ्या नर्स, एएनएम (उपकेंद्रातल्या परिचारिका) आणि आशाताईंसाठीही. औषधांच्या मात्रा दिल्या आहेत त्या उपचार करणाऱ्यांसाठी. घरी स्वतःच्या मनाने यातली एकही गोळी सुरू करू नये आणि चालू असलेली बंदही करू नये.

आधी आजार कुठे सुरू होतो ते

मूळ वारेत आहे. गर्भ रुजतो तेव्हा गर्भाशयाच्या बारीक रक्तवाहिन्या रुंद व्हायला हव्यात, म्हणजे वारेला भरपूर रक्त मिळतं. काही स्त्रियांमध्ये त्या अरुंदच राहतात. उपाशी राहिलेली वार मग आईच्या रक्तात काही प्रथिनं सोडते. बोस्टनमध्ये काम करणाऱ्या अनंत करुमांची यांच्या गटाने २००३ साली त्यातल्या एका प्रथिनावर, एसफ्लिट-१ वर, बोट ठेवलं. रक्तवाहिन्यांचं अस्तर शाबूत ठेवणारी जी द्रव्यं असतात त्यांना हे प्रथिन बांधून टाकतं. मग अस्तर सगळीकडेच बिघडतं: मूत्रपिंडातून प्रथिनं झिरपतात, यकृताला सूज येते, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी होतात, मेंदूत झटके उठतात.

यातून दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. एक, आजाराचं बी पहिल्या तीन-चार महिन्यांत पडतं आणि तो दिसतो मात्र २० आठवड्यांनंतर, म्हणून प्रतिबंध लवकर सुरू करावा लागतो. दोन, बीपीच्या गोळ्या आईच्या मेंदूला वाचवतात, आजार बरा करत नाहीत. आजार संपतो वार बाहेर पडल्यावर, आणि तोही लगेच नाही. काही दिवस जातात.

पायरी १: आकडा खरा काढा

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबूया.

बाई जिना चढून, रांगेत उभी राहून आलेली असते. तिला पाच मिनिटं खुर्चीवर शांत बसू द्या. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर टेकलेले, पायावर पाय नको. लघवी लागली असेल तर आधी जाऊन येऊ दे. लघवी तुंबलेली असली तर बीपी वाढीव येतं, शिवाय आपल्याला तपासायला लघवी लागणारच आहे. मोजताना तिच्याशी बोलू नये आणि तिनेही बोलू नये.

दंड उघडा हवा. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवली की तिचाच दोरीसारखा आवळा पडतो. अशा वेळी सरळ बाहीतून हात बाहेर काढायला सांगा आणि आडोशाची सोय करा. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या मध्याच्या, म्हणजे हृदयाच्या पातळीवर येईल. हात खाली लोंबकळत असला तर आकडा जास्त येतो, वर उचललेला असला तर कमी.

पट्ट्याचं माप बघा. खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर शिंप्याच्या टेपने दंडाचा घेर घ्या. घेर ३३ सें.मी.च्या वर असेल तर मोठा पट्टा लागतो. लहान पट्टा जाड दंडावर ओढूनताणून बांधला तर बीपी नसताना बीपी दिसतं, आणि बारीक दंडावर मोठा पट्टा बांधला तर असलेलं बीपी लपतं. बऱ्याच केंद्रांत एकच पट्टा असतो. मोठा पट्टा मागवून घेणं हा फार थोड्या पैशात होणारा आणि फार उपयोगाचा बदल आहे. पट्ट्याची खालची कड कोपराच्या लवणीच्या दोन-तीन सें.मी. वर यावी.

स्टेथोस्कोपने मोजत असाल तर मनगटाची नाडी धरून हवा भरा, नाडी लागेनाशी झाली की आणखी २० ते ३० वर न्या आणि मग सेकंदाला दोन मि.मी. इतक्या सावकाश हवा सोडा. पहिला ठोका म्हणजे वरचा आकडा. ठोके पूर्ण नाहीसे होतात तिथे खालचा आकडा. पूर्वी आवाज बुजका होतो तिथे खालचा आकडा धरत असत, काही ठिकाणी ती सवय अजून टिकून आहे. ती सोडायला हवी. ठोके शून्यापर्यंत ऐकू येतच राहिले, तरच बुजका आवाज धरायचा.

वाचलेला आकडाच लिहा. १३८ दिसलं तर १३८. नोंदवह्यांमध्ये ओळीने १२०/८०, १३०/८०, १२०/८० दिसायला लागलं की समजावं, इथे आकडे मोजले जात नाहीयेत, गोल केले जात आहेत. १४० ही सीमारेषा असताना ८ मि.मी. खाली ओढणं म्हणजे एक रुग्ण हातातून सोडणं.

पहिल्या भेटीत दोन्ही दंडांवर मोजा. ज्या दंडावर जास्त येईल तोच पुढे कायम वापरा. एका बैठकीत किमान एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी धरा.

लेबर रूममधली एक चूक मुद्दाम सांगावीशी वाटते. बाई डाव्या कुशीवर असते आणि वर आलेल्या उजव्या दंडाला पट्टा बांधलेला असतो. तो दंड हृदयाच्या वर असल्याने आकडा १० मि.मी. किंवा त्याहून जास्त कमी येतो. १६०चं १४८ दिसतं आणि सगळे निर्धास्त राहतात. कुशीवर असेल तर खालच्या दंडावर मोजा, नाहीतर तिला अर्धवट बसतं करून मोजा.

स्वयंचलित यंत्राबद्दल. ही यंत्रं रक्तवाहिनीतली कंपनं वाचून आकडा काढतात आणि प्रीएक्लॅम्पसियात अनेक यंत्रं कमी आकडा दाखवतात. घरासाठी घ्यायचं तर दंडावरचं घ्या, मनगटावरचं नको, आणि ते गरोदर स्त्रियांमध्ये तपासून मान्य झालेलं आहे का हे विचारून घ्या. पहिल्याच भेटीला यंत्र सोबत नेऊन दवाखान्यातल्या आकड्याशी ताडून पाहा. घरी सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत तारीख, वेळ आणि आकडा लिहा.

पायरी २: लघवी

प्रत्येक भेटीत, बीपी कितीही असलं तरी. सुरुवातीची धार सोडून मधली लघवी स्वच्छ डबीत घ्या. अंगावरून पांढरं जात असेल तर ते मिसळून खोटं प्रोटीन दिसतं, तेव्हा आधी धुऊन पुसून घ्यायला सांगा. पट्टी बुडवून काढली की घड्याळ लावून डबीवर छापलेल्या वेळेला, बहुधा ६० सेकंदांनी, उजेडात रंग जुळवा. पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं राहिलं तर पावसाळ्यात दमट हवेने पट्ट्या लवकर निकामी होतात.

पट्ट्या संपल्या असतील तर जुनी उष्णतेची चाचणी आजही चालते. टेस्ट ट्यूब दोन-तृतीयांश भरा, तिरकी धरून फक्त वरचा भाग तापवा. वरचा भाग गढूळ झाला तर अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचे दोन-तीन थेंब टाका. गढूळपणा विरघळला तर फॉस्फेट होतं, तसाच राहिला तर प्रोटीन आहे.

शक्य असेल तिथे लघवीतल्या प्रोटीन आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर करून घ्या. ०.३ किंवा जास्त म्हणजे प्रोटीन जातंय. पण एक गैरसमज काढून टाकायला हवा. 'लघवी साफ आहे, म्हणजे प्रीएक्लॅम्पसिया नाही' हे आता खरं धरत नाहीत. २० आठवड्यांनंतर १४०/९० किंवा वर बीपी आणि जोडीला प्लेटलेट एक लाखाखाली, रक्तातलं क्रिएटिनिन १.१च्या वर, यकृताची एन्झाइम दुप्पट, फुप्फुसात पाणी, किंवा नव्याने सुरू झालेली आणि गोळीने न थांबणारी डोकेदुखी यांतलं एकही असलं, तरी तो प्रीएक्लॅम्पसियाच.

पायरी ३: आकडा कुठल्या खान्यात पडतो

१४०/९०च्या खाली असेल तर नेहमीच्या भेटी चालू ठेवा, पण तिचं स्वतःचं पहिल्या तीन महिन्यांतलं बीपी काढून शेजारी ठेवा. ९६/६०ची बाई सातव्या महिन्यात १३४/८६वर आली असेल तर ती पुढच्या महिन्यात नव्हे, याच आठवड्यात पुन्हा दिसायला हवी. सातव्या महिन्यात ओटीभरण करून मुलगी माहेरी जाते, डॉक्टर बदलतात आणि नेमका हा पहिला आकडा सासरच्या फायलीत राहून जातो. माहेरी जाताना साड्यांच्या आधी ती फाईल आणि माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत घाला.

१४०/९० किंवा वर आलं तर चार तासांनी पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तेच आलं की बीपी वाढल्याचं निदान पक्कं. त्याच दिवशी लघवी, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, क्रिएटिनिन, एसजीपीटी (यकृताची तपासणी).

१६०/११० आलं तर चार तास थांबायचं नाही. १५ मिनिटांत पुन्हा मोजा, तेवढंच आलं तर तासाभरात औषध पोटात किंवा शिरेत जायला हवं. अर्ध्या तासात गेलं तर उत्तम. वरचा आकडा १६०च्या वर रेंगाळला की मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते.

घरच्यांनी पाठ करायच्या खुणा थोड्याच आहेत. गोळीने न थांबणारं डोकं. डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधारी. उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या खड्ड्यात दुखणं, जे पित्त म्हणून आठ दिवस अंगावर काढलं जातं. चेहरा आणि हात एकदम सुजणं, अंगठी न निघणं. धाप. बाळाची हालचाल कमी होणं. यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी, रात्र असेल तर त्याच रात्री, बीपी मोजून घ्यायचं. नुसती पावलांची सूज पुष्कळ निरोगी बायकांनाही येते, तिच्यावर निदान होत नाही.

पायरी ४: आधीच काय करता येतं

अ‍ॅस्पिरिन. पूर्वी प्रीएक्लॅम्पसिया झालेली, जुनं बीपी, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेली, ल्युपससारखा आजार असलेली, जुळं असलेली अशा स्त्रियांना डॉक्टर हे देतात. पहिलं बाळंतपण, जास्त वय, जास्त वजन, आईला किंवा बहिणीला झालेला हाच आजार यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या तरीही देतात. १९९४ सालच्या क्लास्प चाचणीत नऊ हजारांहून जास्त स्त्रियांपैकी निम्म्यांना ६० मि.ग्रॅ. दिलं, पण त्यातल्या पुष्कळ जणींना उशिरा, आणि फायदा जेमतेम दिसला. २०१७च्या अ‍ॅस्प्रे चाचणीने तीन गोष्टी बदलल्या: मात्रा १५० मि.ग्रॅ., सुरुवात ११ ते १४ आठवड्यांत, आणि गोळी रात्री झोपताना, ३६ आठवड्यांपर्यंत. धोका जास्त असलेल्या १७७६ स्त्रियांमध्ये ३७ आठवड्यांआधी होणारा प्रीएक्लॅम्पसिया ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. ज्यांनी १०० पैकी ९० गोळ्या तरी घेतल्या त्यांना फायदा स्पष्टच जास्त झाला. म्हणजे अधूनमधून घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते. 'रक्त पातळ होईल' या धास्तीने सासूबाई किंवा शेजारीण ती बंद करवतात. तसं वाटलं तर डॉक्टरांना विचारा, गुपचूप थांबवू नका. ज्यांना अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा पोटात अल्सर आहे त्यांनी मात्र आधीच सांगायचं.

कॅल्शियम. आपल्या आहारात कॅल्शियम बेताचंच असतं. जागतिक आरोग्य संघटना अशा ठिकाणी दिवसाला दीड ते दोन ग्रॅम सुचवत होती. पण इतक्या मोठ्या गोळ्या तीन-चार वेळा कोण घेणार? त्यामुळे बेंगळुरू आणि दार-एस-सलाम इथे प्रत्येकी ११ हजार पहिलटकरणींवर ५०० आणि १५०० मि.ग्रॅ. अशी तुलना झाली. तिचे निकाल २०२४ साली आले. भारतात प्रीएक्लॅम्पसियाचं प्रमाण कमी मात्रेत ३.० टक्के आणि जास्त मात्रेत ३.६ टक्के होतं, म्हणजे प्रीएक्लॅम्पसिया टाळण्यात कमी मात्रा उणी पडली नाही. सरकारी केंद्रात चौदाव्या आठवड्यापासून ५०० मि.ग्रॅ.ची गोळी दिवसातून दोनदा मिळते. ती जेवणासोबत घ्या. लोहाची गोळी तिच्याबरोबर घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर लोह नीट शोषलं जात नाही.

ज्यांचा उपयोग नाही असंही सांगायला हवं: अळणी जेवण, दिवसभर अंथरुणात पडून राहणं, क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या. यांनी हा आजार टळत नाही. अंथरुणात पडून राहण्याने उलट पायांत रक्ताच्या गाठी होण्याची भीती वाढते.

पायरी ५: १४० ते १५९ मधलं बीपी

पूर्वी इथे गोळ्या देत नसत. बीपी उतरलं तर बाळाचं रक्त तुटेल, अशी काळजी असे. ती २०१५च्या चिप्स आणि २०२२च्या चॅप या चाचण्यांनी बरीच दूर केली. चिप्समध्ये ९८७ स्त्रिया होत्या. बीपी काटेकोर ठेवलेल्या गटात पुढे गंभीर बीपी २७.५ टक्के जणींना झालं, सैल सोडलेल्या गटात ४०.६ टक्के जणींना, आणि बाळांच्या तब्येतीत फरक पडला नाही. चॅपमध्ये जुनं बीपी असलेल्या २४०८ स्त्रियांपैकी साधारण निम्म्या जणींचं बीपी औषधाने १४०/९०च्या खाली ठेवायचं ठरवलं. तिथेही आईचा फायदा झाला आणि बाळं बारीक झाली नाहीत.

औषधं तीन: लॅबेटालॉल, सावकाश विरघळणारं निफेडिपिन आणि मिथाइलडोपा. दम्याच्या रुग्णाला लॅबेटालॉल देत नाहीत. लग्नाआधीपासून किंवा दोन बाळंतपणांमधल्या काळात टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या स्त्रिया आता बऱ्याच भेटतात. ही औषधं बाळाच्या मूत्रपिंडाला इजा करतात. मूल हवंय असं ठरताच डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घ्या, आणि पाळी चुकली असेल तर त्याच दिवशी.

मोठ्या शहरांतल्या काही लॅबमध्ये एसफ्लिट-१ आणि पीएलजीएफ (वारेतून येणारं दुसरं एक प्रथिन) यांचं गुणोत्तर होतं. २०१६ सालच्या एका मोठ्या अभ्यासात ३८ किंवा त्याहून कमी गुणोत्तर आलेल्या जवळपास सगळ्याच स्त्रिया पुढचा एक आठवडा प्रीएक्लॅम्पसियापासून दूर राहिल्या. आज घरी पाठवावं की ठेवून घ्यावं, या प्रश्नाला त्याची मदत होते. रोजच्या बीपीची जागा ही चाचणी घेत नाही.

पायरी ६: १६०/११० आणि नागपूरची चाचणी

गंभीर बीपी उतरवायला शिरेतून लॅबेटालॉल किंवा हायड्रालाझिन हा रूढ मार्ग. पण जिथे शिरेत सुई लावून दर दहा मिनिटांनी बीपी बघणारं माणूस नाही, तिथे काय करायचं? याचं उत्तर नागपूरहून आलं. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डागा स्मृती स्त्री रुग्णालय या दोन सरकारी रुग्णालयांत २०१५ ते २०१७ दरम्यान गंभीर बीपीच्या ८९४ स्त्रियांना तीनपैकी एक तोंडी औषध दिलं गेलं: निफेडिपिन १० मि.ग्रॅ., लॅबेटालॉल २०० मि.ग्रॅ. किंवा मिथाइलडोपा १००० मि.ग्रॅ. पहिल्या दोन औषधांची मात्रा गरजेप्रमाणे दर तासाला पुन्हा देता येत होती, मिथाइलडोपा एकदाच दिलं जाई. सहा तासांत वरचा आकडा १२० ते १५० आणि खालचा ७० ते १०० यांच्यात यावा आणि कुठला अपाय होऊ नये, ही कसोटी होती. निफेडिपिनच्या ८४ टक्के, लॅबेटालॉलच्या ७७ टक्के आणि मिथाइलडोपाच्या ७६ टक्के स्त्रिया तिला उतरल्या. २०१९ साली हे प्रसिद्ध झालं. निफेडिपिनच्या गटात अतिदक्षता विभागात ठेवलेली बाळं जास्त होती, हेही निकालात नोंदवलेलं आहे.

आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे: तिन्ही गोळ्या चालतात, आणि कपाटात जी असेल ती वेळेत द्यायची. 'अमुक औषध नाही म्हणून पुढे पाठवलं' हे कारण आता पुरत नाही. रस्त्यात तास-दोन तास जाणार असतील तर पहिली मात्रा देऊन, वेळ लिहूनच गाडीत बसवा.

निफेडिपिनची मऊ कॅप्सूल सुईने टोचून जिभेखाली पिळण्याची जुनी रीत होती. ती पूर्ण बंद करायची. बीपी धाडकन कोसळतं आणि वारेला रक्त कमी पडून बाळाचे ठोके घसरतात. गोळी पाण्यासोबत गिळायची. ध्येय १४०-१५० आणि ९०-१०० एवढंच. १२०/८०वर आणायची घाई करू नका.

पायरी ७: मॅग्नेशियम सल्फेट

झटके आले की ते एक्लॅम्पसिया. आधी घरातली गोष्ट. कांदा, चप्पल हुंगवत बसू नका, दातांत चमचा घालू नका, तोंडात पाणी ओतू नका. डाव्या कुशीवर वळवा, तोंडातली लाळ वाहू द्या, आजूबाजूचं टणक सामान सरकवा, घड्याळ बघा आणि १०८ला फोन करा. अंगात आलंय, बाहेरचं आहे म्हणून अंगारा लावण्यात गेलेली वीस मिनिटं परत मिळत नाहीत. २० आठवड्यांनंतर गरोदर बाईला आलेला झटका, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत, एक्लॅम्पसियाच धरायचा.

कित्येक वर्षं डायझेपाम, फेनिटॉइन आणि झोपेच्या औषधांची मिश्रणं चालली. १९९५ साली १६८७ स्त्रियांवरच्या चाचणीत, ज्यात भारतातलीही रुग्णालयं होती, मॅग्नेशियमने पुन्हा झटका येण्याचं प्रमाण डायझेपामपेक्षा ५२ टक्क्यांनी आणि फेनिटॉइनपेक्षा ६७ टक्क्यांनी कमी झालं. २००२च्या मॅगपाय चाचणीत ३३ देशांतल्या सुमारे दहा हजार, अजून झटका न आलेल्या, प्रीएक्लॅम्पसियाच्या स्त्रियांमध्ये झटक्यांचं प्रमाण १.९ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं.

आता हाताने करायचं काम. आपल्याकडची नेहमीची अँप्यूल ५० टक्क्यांची, २ मि.ली.ची असते आणि तिच्यात १ ग्रॅम औषध असतं. तरीही प्रत्येक वेळी लेबल मोठ्याने वाचा आणि दुसऱ्या नर्सला ऐकवा. टक्के आणि ग्रॅम यांच्या गोंधळातून मात्रेच्या मोठ्या चुका होऊ शकतात.

शिरेतली पहिली मात्रा ४ ग्रॅम: चार अँप्यूल म्हणजे ८ मि.ली., त्यात १२ मि.ली. सलाईन, एकूण २० मि.ली. घड्याळ बघून, पाच मिनिटांच्या आत कधीच नाही, सावकाश द्या. घाईने ढकललं तर श्वास थांबू शकतो. बाईला आधीच सांगा की अंगातून गरम वाफ गेल्यासारखं वाटेल, घाबरू नको. लगेच दोन्ही कुल्ल्यांत प्रत्येकी ५ ग्रॅम, म्हणजे पाच अँप्यूल, १० मि.ली., एक मि.ली. दोन टक्के लिग्नोकेन मिसळून, खोल स्नायूत. आखूड सुईने औषध चरबीतच राहतं, नीट शोषलं जात नाही आणि गळू होतं. एकूण चौदा अँप्यूल लागतात, त्या आधीच मोजून ट्रेमध्ये ठेवा. उपकेंद्रात शिरेतलं देता येत नसेल तर एएनएमने कुल्ल्यांतले १० ग्रॅम देऊन पाठवायचं. पंधरा मिनिटांनंतरही पुन्हा झटका आला तर शिरेतून आणखी २ ग्रॅम, पाच मिनिटांत.

पुढे दर चार तासांनी ५ ग्रॅम, कुल्ला आलटून पालटून. प्रत्येक वेळी देण्याआधी तीन गोष्टी बघायच्या: गुडघ्याचा झटका (वाटीखाली ठोकल्यावर पाय उडणं) मिळतो का, श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त आहे का, आणि गेल्या चार तासांत लघवी तासाला ३० मि.ली. तरी झाली का. मॅग्नेशियम बाहेर जातं ते फक्त लघवीतून. लघवी कमी झाली की ते साठतं. आधी गुडघ्याचा झटका जातो, मग श्वास. त्यामुळे हातोडी नसेल तर हाताच्या कडेने मारा, पण मारा. तिन्हींतलं एकही कमी असेल तर ती मात्रा थांबवा. श्वास मंदावला तर १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मि.ली. शिरेतून सावकाश, सोबत ऑक्सिजन आणि अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी). कॅल्शियमची ती अँप्यूल त्याच ट्रेमध्ये हवी, दुसऱ्या खोलीतल्या कुलपात नको.

बाळंतपण किंवा शेवटचा झटका, जे नंतरचं असेल त्यापासून २४ तास हे चालू ठेवतात. निफेडिपिन आणि मॅग्नेशियम एकत्र देऊ नये ही जुनी भीती आहे. लक्ष ठेवून दोन्ही देतात. सलाईन मात्र हात राखून, सगळं मिळून तासाला साधारण ८० मि.ली. सैल झालेल्या रक्तवाहिन्यांतून पाणी फुप्फुसात उतरतं, आणि लघवी कमी दिसते म्हणून बाटल्या चढवल्यामुळे धाप लागलेल्या स्त्रिया दगावतात.

पुढे पाठवताना चिठ्ठीत हे हवंच: किती आठवडे, बीपीचे सगळे आकडे वेळेसह, झटके कधी आणि किती, मॅग्नेशियम किती, कुठे आणि किती वाजता, बीपीची कुठली गोळी, लघवीचं प्रोटीन, बाळाचे ठोके. हे नसेल तर पुढचा डॉक्टर पुन्हा १४ ग्रॅम देऊ शकतो. आणि निघण्याआधी तिथे फोन करा.

पायरी ८: बाळंतपण कधी

३७ आठवडे झाले असतील तर वाट बघण्यात फायदा नाही. नेदरलँड्समधल्या २००९च्या हायपिटॅट चाचणीत कळा सुरू करून दिलेल्या गटात आईची गुंतागुंत ३१ टक्के होती, थांबलेल्या गटात ४४ टक्के, आणि सिझेरियन वाढली नाहीत. ३४च्या आधी, आई आणि बाळ दोन्ही स्थिर असतील तर, थांबून बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोन ६ मि.ग्रॅ.ची चार इंजेक्शनं बारा-बारा तासांनी देतात. मधल्या तीन आठवड्यांत प्रत्येक बाईचा निर्णय वेगळा होतो. बीपी आवरत नसेल, प्लेटलेट पडत असतील, डोकं थांबत नसेल, झटका आला असेल तर आठवडे मोजत बसायचं नाही. आधी मॅग्नेशियम आणि बीपी, मग बाळंतपण.

बाळ जन्मल्याबरोबर, जास्त रक्तस्राव टाळायला, ऑक्सिटोसिन १० युनिट. मेथर्जिन या बाईला द्यायचं नाही, त्याने बीपी उसळतं. लेबर रूमच्या ट्रेमध्ये ते हाताशी असतं आणि घाईत सवयीने भरलं जातं. म्हणून तिच्या केसपेपरवर लाल पेनने 'मेथर्जिन नको' असं लिहून ठेवा.

पायरी ९: बाळंतपणानंतर

आता धोका टळला असं वाटतं, आणि इथेच दुर्लक्ष होतं. बीपी सर्वांत जास्त चढतं ते तिसऱ्या ते सहाव्या दिवशी, म्हणजे बहुधा घरी आल्यावर. बाळंतीण खोलीत असते, कानाला फडकं बांधलेलं असतं, आणि डोकं दुखतंय म्हटलं की वारं लागलं असेल म्हणून शेक दिला जातो. शेक द्या, पण आधी बीपी मोजा. बाळंतिणीलाही झटके येतात.

घरी सोडताना सांगा: पहिला आठवडाभर रोज बीपी, आशाताईच्या घरभेटीत बाळाच्या वजनासोबत आईचं बीपी, दहाव्या दिवशी दवाखाना, मग सहाव्या आठवड्यात. सव्वा महिना घराबाहेर पडायचं नसेल तर मशीन घरी आणा. अंगावर पाजणाऱ्या आईला निफेडिपिन, लॅबेटालॉल आणि आता एनालाप्रिलही चालतं. मिथाइलडोपा मात्र शक्यतो बदलतात, कारण त्याने मन उदास होऊ शकतं आणि बाळंतपणानंतर ते आधीच हळवं असतं.

बारा आठवड्यांनंतरही १४०/९०च्या वर असेल तर ते गरोदरपणाचं बीपी राहिलेलं नाही, कायमचं आहे. लघवीतलं प्रोटीन तेव्हाही जात असेल तर मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे जायला हवं. बीपी उतरलेल्या स्त्रियांनीही दरवर्षी बीपी आणि साखर तपासावी, कारण प्रीएक्लॅम्पसिया होऊन गेलेल्या स्त्रियांना पुढे हृदयविकार होण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो.

डिस्चार्जच्या कागदावर आजाराचं नाव, तो किती आठवड्यांना सुरू झाला, सर्वांत जास्त बीपी किती होतं आणि झटके आले होते का, हे चार शब्द मराठीत लिहून घ्या. पुढच्या वेळी पाळी चुकली की हा कागद घेऊन पहिल्याच महिन्यात दवाखान्यात जायचं, म्हणजे बाराव्या आठवड्याला अ‍ॅस्पिरिनची पहिली गोळी वेळेवर सुरू होते.